चौथी नळी की शस्त्रक्रिया? स्वादुपिंडाच्या जुनाट दुखण्यातील एका निर्णयाचे प्रकरण

मी गेली २१ वर्षे कळव्यात कुटुंबवैद्य म्हणून काम करतो. हे प्रकरण माझ्याकडे येणाऱ्या एका रुग्णाचे आहे. त्यांच्या आणि त्यांच्या पतीच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ते येथे लिहिले आहे. मी शस्त्रक्रिया करत नाही, एंडोस्कोपीही करत नाही. तीन तज्ज्ञांची तीन वेगवेगळी मते ऐकून झाल्यावर हे कुटुंब एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात येऊन बसले आणि "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा काय करायचं ते," असे म्हणाले, तेवढ्यापुरताच माझा या निर्णयाशी संबंध आला. ते सांगण्यासाठी मला दोन महिने लागले, आणि शेवटी सांगितले ते मी नव्हे, त्या बाईंनीच.

रुग्ण ३७ वर्षांच्या, खारेगावात राहणाऱ्या, घरी ब्लाउज शिवून देणाऱ्या. पुढे त्यांचा उल्लेख ताई असाच करतो, कारण दवाखान्यात मी त्यांना तसेच म्हणतो. पती रबाळे एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहेत, घरी सासूबाई आणि नववीत शिकणारी मुलगी. दारू नाही, तंबाखू नाही, मशेरीसुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी दुखणे सुरू झाले ते बेंबीच्या वर, खोलवर. कळ पाठीत जायची, जेवणानंतर वाढायची आणि कधीकधी दोन-दोन दिवस उतरायची नाही. पहिले दीड वर्ष मी त्यांना आम्लपित्ताची औषधे देत राहिलो. सोनोग्राफी झाली होती, पण पोटातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नव्हते. अहवालात तसे स्पष्ट लिहिलेले होते आणि तरीही 'दिसले नाही' हे शब्द मी 'काही सापडले नाही' असे वाचले. ती चूक माझी होती आणि तिने ताईंचे दीड वर्ष खाल्ले.

निदानाचा धागा खरे तर त्यांच्या शिलाई मशीनपाशी होता आणि तो घरातल्या सगळ्यांना रोज दिसत होता. मशीनवर पुढे वाकून बसले, पोटाशी एक उशी दाबून धरली, की ताईंना बरे वाटायचे. अंथरुणावर उताणे पडले की दुखणे वाढायचे. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असते. पुढे वाकल्यावर त्यावरचा ताण कमी होतो आणि उताणे झोपल्यावर तो वाढतो, म्हणून ही ठेवण स्वादुपिंडाच्या दुखण्यात वारंवार दिसते. घरात मात्र तिचा अर्थ वेगळाच लागला होता. शिवणकाम करताना हिला काही होत नाही, पैसे मिळतात तिथे हिचे पोट दुखत नाही, आणि स्वयंपाकाला उभे राहायचे म्हटले की दुखते, असे सासूबाईंना प्रामाणिकपणे वाटायचे. ताई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनवर बसायच्या त्या गिऱ्हाइकांच्या घाईमुळे नव्हे, तर झोपता येत नसे म्हणून, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मी सीटी स्कॅन करायला सांगितले.

स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात आणि मुख्य नलिकेत कॅल्शियमचे खडे होते, नलिका फुगलेली होती. स्वादुपिंडाचा जुनाट दाह, म्हणजे क्रॉनिक पँक्रियाटायटिस, हे निदान झाले. या आजाराचे नाव ऐकले की लोकांच्या मनात पहिला विचार दारूचा येतो, आणि जगभर दारू हे त्याचे मोठे कारण आहेही. परंतु दारूला कधी स्पर्शही न केलेल्या तरुण माणसांना होणारा, लवकर खडे आणि पुढे मधुमेह घेऊन येणारा प्रकार भारतात फार पूर्वीपासून ओळखीचा आहे. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकापासून अशा शेकडो रुग्णांची नोंद केली होती. अशा अनेकांमध्ये काही जनुकीय बदल आढळतात. हे सारे मी सासूबाईंना समोर बसवून सांगितले, कारण निदानाचा कागद नातेवाइकांना दाखवायचा नाही असे घरात ठरले होते आणि त्यामुळे ताईंना इस्पितळात सोबत करायला माहेरचे कोणी बोलावता येत नव्हते. "आजी, या आजारात तुमच्या सुनेची काही चूक नाही," हे वाक्य मी तीनदा म्हटले. तिसऱ्यांदा त्या रडल्या.

पुढील तीन वर्षांत तीन वेळा एंडोस्कोपी झाली. ईआरसीपी म्हणतात त्या या पद्धतीत तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन स्वादुपिंडाच्या नलिकेचे तोंड थोडे कापतात, जमतील तेवढे खडे काढतात आणि वाट मोकळी राहावी म्हणून आत प्लॅस्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट ठेवतात. मोठे खडे त्याआधी शरीराबाहेरून आघातलहरी देऊन फोडावे लागतात. ताईंना पहिल्या खेपेस अशा चार बैठका लागल्या. दुसऱ्या खेपेनंतर जे झाले ते सांगणे आवश्यक आहे. नळी केव्हा बदलायची हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले नव्हते आणि तोंडी "दुखलं की या" एवढेच सांगितले गेले होते. प्लॅस्टिकची नळी काही महिन्यांत गाळाने तुंबते. ती नऊ महिने आत राहिली आणि ताई एका रात्री थंडी वाजून, १०३ ताप घेऊन दाखल झाल्या. नळी घालून घेणारा प्रत्येक रुग्ण पुढच्या तारखेचा कागद हातात असल्याशिवाय घरी जाता कामा नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

तिसऱ्या खेपेनंतर वर्षभराने ताईंचे वजन ५२ किलोवरून ४१ वर आले होते, मधुमेह सुरू होऊन दोन वर्षे झाली होती, आणि ट्रॅमाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसाला दोनवरून सहापर्यंत गेल्या होत्या. या टप्प्यावर पोटविकारतज्ज्ञांनी चौथ्यांदा नळी घालण्याचा सल्ला दिला, शल्यविशारदांनी फ्रे पद्धतीची शस्त्रक्रिया सुचवली, आणि वेदनातज्ज्ञांनी पोटामागील मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदनेचा मार्ग बधिर करण्याचा पर्याय मांडला. तिघेही अनुभवी आणि तिघांचेही म्हणणे आपापल्या जागेवरून बरोबर होते. तिघांनी एकमेकांशी बोलणे मात्र झाले नव्हते. हे कुटुंबच एकाचे म्हणणे दुसऱ्याकडे आपल्या शब्दांत पोहोचवत होते.

कालनिर्णयावरील लाल ठिपके

मी पहिल्यांदा सर्व फायली मागवल्या. त्या पिशवीत अहवालांबरोबर ताईंनी तीन वर्षांची कालनिर्णये घडी घालून आणली होती. पहिल्या एंडोस्कोपीच्या वेळी "महिन्यातून किती दिवस दुखतं?" या प्रश्नाला त्यांना नीट उत्तर देता आले नव्हते, त्याची त्यांना लाज वाटली आणि घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. निळ्या शाईत दुधाचा हिशेब, त्याच चौकटीत लाल शाईने दुखण्याचा. बारीक ठिपका म्हणजे दिवसभर ठसठस, गोल म्हणजे कळ, गोलावर फुली म्हणजे इंजेक्शन घ्यावे लागले. काही चौकटींत ठिपक्याशेजारी छोटा आकडा होता. तो त्या दिवशी घेतलेल्या गोळ्यांचा. एका मार्चमध्ये नऊ दिवस कोरे होते आणि मला वाटले की ते चांगले गेले असतील. दुधाचा हिशेबही कोरा आहे हे नंतर लक्षात आले. ते दिवस इस्पितळातले होते.

आम्ही दवाखाना बंद झाल्यावर दोन संध्याकाळी बसून ते मोजले. पहिल्या नळीनंतर पाच महिने जवळजवळ स्वच्छ होते. दुसऱ्या नळीनंतर दोन महिने. तिसरीनंतर तीन आठवडे. शिवाय पहिल्या दोन वर्षांत गोलांच्या मधले दिवस कोरे असत, तर शेवटच्या वर्षात तेही ठिपक्यांनी भरून गेले होते. महिन्याला सरासरी २२ दिवस लाल होते. तिन्ही तज्ज्ञांपुढे ठेवण्यासारखी याहून मोलाची गोष्ट त्या पिशवीत दुसरी नव्हती.

ही मोजणी का महत्त्वाची होती ते सांगतो. या आजारात वेदना दोन वाटांनी येते. एक वाट यांत्रिक आहे: खडा किंवा अरुंद झालेली जागा स्राव अडवते, नलिकेतील दाब वाढतो, डोक्याचा भाग सुजून कठीण होतो. दुसरी वाट मज्जातंतूंची आहे: वर्षानुवर्षे दाह सोसलेले तंतू जाड आणि हळवे होतात, मग पाठीचा कणा आणि मेंदूही वेदनेला सरावतात, आणि अडथळा दूर केला तरी वेदना स्वतःच्या बळावर चालू राहू शकते. नळी घातल्यावर दुखणे साफ थांबत असेल तर पहिली वाट मोठी आहे असे मानायला जागा असते. नळी घालूनही फरक पडत नसेल तर दोन शक्यता उरतात. एक तर नळी खऱ्या अडथळ्यापर्यंत पोहोचतच नाही, नाहीतर वेदनेने दुसरी वाट धरली आहे. ताईंच्या बाबतीत दोन्ही थोड्याथोड्या खऱ्या होत्या. नव्या एमआरसीपीत, म्हणजे या नलिकांच्या एमआरआय तपासणीत, मुख्य नलिका ९ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या तिपटीच्या आसपास फुगलेली होती आणि डोक्याचा भाग ४२ मिलिमीटरपर्यंत सुजलेला, खड्यांनी भरलेला होता. ही सूज नळीने जाणारी नव्हती. त्याचबरोबर मधल्या दिवसांची ती न थांबणारी ठसठस तंतूंची वाट दाखवत होती.

वजन इतके घटलेले असल्यामुळे आणि या आजारात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असल्यामुळे, डोक्याच्या सुजेतून एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या साहाय्याने तुकडा घेऊन तपासला. त्यात कर्करोग नव्हता. ते अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते, असे मुलीने नंतर सांगितले.

पुरावा काय सांगतो आणि कोणाविषयी सांगतो

ताईंच्या पतीने मोबाइलवर बरेच वाचले होते आणि त्यांचा प्रश्न रास्त होता: "मोठ्या अभ्यासांत काय आलंय ते सांगा." मी जे सांगितले ते थोडक्यात असे. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नलिका अडलेल्या ३९ रुग्णांपैकी काहींना एंडोस्कोपीने आणि काहींना शस्त्रक्रियेने वाट करून दिली. दोन वर्षांनी वेदना पूर्णतः किंवा अंशतः कमी झालेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेत ७५ टक्के आणि एंडोस्कोपीत ३२ टक्के होते. त्याच देशातील ८८ रुग्णांची एस्केप नावाची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ५८ टक्क्यांना, तर आधी औषधे, मग एंडोस्कोपी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया या क्रमाने गेलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना दीड वर्षाअखेर असा आराम होता. येथे मी पतींना थांबवले. या दुसऱ्या चाचणीत मुद्दाम असेच रुग्ण घेतले होते ज्यांची अफूवर्गीय वेदनाशामके नुकतीच सुरू झाली होती. ताई वर्षानुवर्षे ट्रॅमाडॉलवर होत्या. तो ५८ चा आकडा उचलून त्यांच्या पदरात टाकणे बरोबर झाले नसते.

त्यांच्या परिस्थितीला जास्त लागू पडणारा २०१२ सालचा एक अभ्यास आहे. शस्त्रक्रिया झालेल्या २६६ रुग्णांचा मागोवा घेतल्यावर असे दिसले की दुखणे सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना, आधी अफूवर्गीय गोळ्या न घेतलेल्यांना आणि पाचांहून जास्त एंडोस्कोपी न झालेल्यांना आराम जास्त मिळाला. ताईंची सहा वर्षे झालेली, गोळ्या चालू, एंडोस्कोपी तीन. म्हणजे तीनपैकी एकच गोष्ट त्यांच्या बाजूने होती, आणि चौथी, पाचवी नळी घातल्यावर तीही हळूहळू निसटणार होती.

एंडोस्कोपीविषयीही एक पुरावा सांगणे न्यायाचे होते आणि तो आपल्याच देशातला आहे. हैदराबादमध्ये १०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना खरोखरीचे खडे फोडणे आणि ईआरसीपी मिळाले, निम्म्यांना केवळ तसे भासवणारी प्रक्रिया. बारा आठवड्यांनी वेदनेच्या दहाच्या मापावर दोन्ही गटांत सुमारे ०.७ एवढाच फरक होता आणि चोवीस आठवड्यांनी तोही उरला नाही. याचा अर्थ एंडोस्कोपी निरुपयोगी आहे असा मी लावत नाही; ताईंचे पहिले पाच महिने मी विसरू शकत नाही. युरोपातील मार्गदर्शक सूचनाही नलिका अडलेल्या वेदनेत पहिली पायरी म्हणून तिचीच शिफारस करतात, मात्र सहा ते आठ आठवड्यांत समाधानकारक फरक नसेल तर शल्यविशारदांसह पुन्हा एकत्र बसून विचार करावा असेही त्यात म्हटले आहे. ताईंच्या बाबतीत ते एकत्र बसणे पहिल्या नळीनंतर नाही, दुसऱ्या नळीनंतर नाही आणि तिसऱ्या नळीनंतरही झाले नव्हते.

मज्जातंतूंच्या इंजेक्शनाविषयी फार लांबवत नाही. या आजारात त्याचा परिणाम बहुधा काही आठवडे ते काही महिने टिकतो, अनेकांना तो मिळतही नाही, आणि नियमित उपचार म्हणून त्याची शिफारस केली जात नाही. सूज आणि खडे जागच्या जागी राहणार असताना ताईंसाठी तो मुख्य मार्ग होऊ शकत नव्हता. वेदनातज्ज्ञांनी स्वतःच हे फोनवर मान्य केले आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरचे प्रीगॅबालिन हे औषध सुरू करून ट्रॅमाडॉल उतरवण्याची जबाबदारी घेतली, ती पुढे फार उपयोगी पडली.

फ्रे शस्त्रक्रिया १९८७ मध्ये अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स फ्रे यांनी मांडली. तीत स्वादुपिंडाच्या डोक्याचा सुजलेला गाभा कोरून काढतात, मुख्य नलिका लांबीने उघडून खडे साफ करतात आणि लहान आतड्याचा एक वेटोळा वर आणून त्या उघड्या नलिकेला शिवतात, म्हणजे स्राव थेट आतड्यात वाहतो. हे समजावताना शल्यविशारदांनी चित्र काढले होते, पण ताईंना ते कळले नव्हते. मी म्हटले, तुंबलेली बाही उसवून तिला पूर्ण लांबीने नवे अस्तर जोडायचे. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे शिवण लांब आहे. उसवली तर?" तोच खरा प्रश्न होता. शिवणीतून गळती, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेत. चार-पाच रुग्णांत एखाद्याला काही ना काही गुंतागुंत होते, आणि अनुभवी हातांतही शंभरात एखाद-दुसरा रुग्ण दगावतो. हे वाक्य मी सासूबाईंसमोर म्हणावे की नाही असा विचार मनात आला होता, पण म्हटले. शस्त्रक्रियेने आजार बरा होत नाही, मधुमेह जात नाही, पाचक कॅप्सूल सुटत नाहीत, हेही त्याच वेळी सांगितले.

न घेतलेला निर्णय

सासूबाईंचे म्हणणे, पोट फाडल्यावर बाईमाणूस पूर्वीसारखे राहत नाही. पतींचे म्हणणे, "अजून एकदा नळी टाकून बघू, दोन दिवसांत घरी येते, कापाकापी नाही." या म्हणण्यात प्रेम होते आणि भीती होती. एक मोठा गैरसमजही होता, आणि तो केवळ त्यांचा नव्हता. शस्त्रक्रिया करणे हा निर्णय आहे आणि नळी घालणे म्हणजे जे चालू आहे ते चालू ठेवणे, असे सर्वांना वाटत होते. मी प्रिस्क्रिप्शनच्या कोऱ्या कागदावर गेल्या तीन वर्षांचा हिशेब मांडला: तीन ईआरसीपी, आघातलहरींच्या एकूण सात बैठका, तापासाठी एक आणि वेदनेसाठी चार वेळा दाखल होणे, पतींच्या ३१ दिवसांच्या रजा, त्यांतील १४ बिनपगारी. अकरा किलो वजन. रोज दोन गोळ्यांच्या सहा झालेल्या. पतींनी तो कागद बराच वेळ हातात धरला. कळव्याहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरने रबाळे असा प्रवास करून, रात्रपाळी करून, त्याच अवस्थेत इस्पितळात बसलेला तो माणूस होता. त्याने काही कमी केले असे मला मुळीच म्हणायचे नव्हते. इतकेच दाखवायचे होते की नको म्हणून जे टाळले, त्याच्या जागी काहीतरी घडतच होते.

तिन्ही तज्ज्ञांना मी फोनवर एकच प्रश्न विचारला: पुढचे एक वर्ष आहे तसेच जाऊ दिले तर काय गमावू? पोटविकारतज्ज्ञ म्हणाले, ग्रंथी आणखी झिजेल, सुजेमुळे शेजारची पित्तनलिका अरुंद होऊ शकेल. शल्यविशारद म्हणाले, तंतूंची सवय पक्की होईल आणि मग मी ऑपरेशन करूनही दुखणे राहील. वेदनातज्ज्ञ म्हणाल्या, गोळ्या आठवर जातील. तिघांचा वेगवेगळा सल्ला होता, पण या प्रश्नाला तिघांच्या उत्तरांची दिशा एकच निघाली. पुढच्या आठवड्यात तिघे एका व्हिडिओ कॉलवर आले आणि वीस मिनिटांत पोटविकारतज्ज्ञांनी आपणहून चौथ्या नळीचा आग्रह सोडला.

तरीही लगेच होकार देऊ नका असे मी सांगितले, कारण ४१ किलो वजनावर इतकी मोठी शस्त्रक्रिया पेलणे कठीण होते. सहा आठवडे तयारीचे ठरवले. यात एक गोष्ट अशी समोर आली की तिची मला आजही खंत आहे. ताई पाचक विकरांची १०,००० युनिटची एकच कॅप्सूल जेवण झाल्यावर पाण्याबरोबर घेत होत्या. मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लागतात आणि ती जेवताना, घासांमध्ये विभागून घ्यायची असतात, म्हणजे ती अन्नात मिसळतात. शौचाविषयी विचारल्यावर त्यांनी खाली मान घालून सांगितले की मळ तेलकट, भांड्याला चिकटणारा असतो, दोनदा पाणी ओतावे लागते. हे त्यांनी चार वर्षांत एकाही डॉक्टरला सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. २५,००० च्या दोन कॅप्सूल जेवणाबरोबर सुरू केल्या, ड जीवनसत्त्व भरून काढले, थोडे थोडे सहा वेळा खायला सांगितले. तेल-तूप पूर्ण बंद केलेले होते, ते पुन्हा चालू केले. अन्न अंगी लागू लागले तशी साखर वाढली आणि इन्शुलिन सुरू करावे लागले; तेही अपेक्षित होते. सहा आठवड्यांत वजन ४४ झाले आणि ट्रॅमाडॉल सहावरून तीनवर आले. दुखणे मात्र फारसे हलले नाही. त्यामुळे आता औषधांनीच भागेल का, या पतींच्या शंकेचेही उत्तर मिळाले.

पैशांचा प्रश्न पतींच्या कंपनीचा विमा आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना यांत बसवायचा होता. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, परंतु उपचार यादीत आहे का आणि ते रुग्णालय संलग्न आहे का हे आधी पाहावे लागते, आणि त्यासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटणे हा सर्वांत जवळचा रस्ता असतो. आम्ही दाखल होण्याच्या तारखेआधी ते उरकले.

शेवटच्या बैठकीत मी सर्वांना गप्प राहायला सांगितले आणि ताईंना विचारले की शस्त्रक्रियेतून तुम्हाला नेमके काय हवे आहे. दुखणे जावे, असे उत्तर मी गृहीत धरले होते. त्या म्हणाल्या, "मला एक रात्र उताणं झोपायचं आहे. आणि गोळी घेतल्यावर डोकं जड होतं, माप चुकतं, ते नको." मी त्यांना स्पष्ट सांगितले की दुखणे पूर्ण जाण्याची खात्री तुमच्या बाबतीत कोणी देऊ शकत नाही, निम्म्याहून कमी झाले आणि गोळ्या सुटल्या तर मी त्याला यश म्हणेन, आणि काहीच फरक न पडण्याची शक्यताही आहे. "निम्मं चालेल," त्या म्हणाल्या. सासूबाई उठून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. होकार तिथे झाला.

शस्त्रक्रिया मुंबईतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाली. पाच तास लागले. नलिकेतून निघालेले खडे डबीत घालून दिले होते. पांढरे, खरखरीत, साबुदाण्याएवढे, एक हरभऱ्याएवढा. सातव्या दिवशी जखमेत संसर्ग झाला, दोन टाके उघडावे लागले, आणि मुक्काम अठरा दिवसांवर गेला. त्या दिवसांत पतींनी मला दोनदा फोन करून विचारले की आपण चुकलो का. मला उत्तर माहीत नव्हते आणि मी तसेच सांगितले.

आता नऊ महिने झाले आहेत. पहिल्या दोन महिन्यांत आराम फारसा जाणवला नाही, तिसऱ्यापासून गोल कमी झाले. गेल्या तीन महिन्यांच्या कॅलेंडरवर महिन्याला सरासरी सहा लाल दिवस आहेत आणि त्यांतील बहुतेक ठिपके आहेत, गोल एकंदर दोन, फुली एकही नाही. ट्रॅमाडॉल ठरल्याप्रमाणे हळूहळू उतरवून पाचव्या महिन्यात थांबले. प्रीगॅबालिन अजून चालू आहे. इन्शुलिन राहिले आणि राहणार. वजन ४८. नळ्यांच्या तारखा उरलेल्या नाहीत, परंतु दर तीन महिन्यांनी साखर आणि वजन, वर्षातून एकदा जीवनसत्त्वे, आणि हाडांच्या घनतेची तपासणी हे ठरवून घेतले आहे. मागच्या भेटीत ताईंनी मुलीविषयी विचारले, हे तिलाही होईल का म्हणून. मुलीला काही त्रास नाही, म्हणून आज तिच्या तपासण्या करायच्या नाहीत, पण पोटाच्या वरच्या भागात दुखून पाठीत कळ गेली तर आम्लपित्त म्हणून एक दिवसही थांबायचे नाही, असे मी त्यांना सांगितले आणि मुलीच्या कागदावर तसे लिहूनही ठेवले. झोपेविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की उताणे झोपता येते, पण इतक्या वर्षांची सवय असल्याने पहाटे जाग येते तेव्हा त्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन असतात.